सव्वीस रकान्यांचा फॉर्म

“माणूस गिऱ्हाईक म्हणून जन्माला येत नाही, त्याला गिऱ्हाईक करावं लागतं! आणि हे सत्य ज्या दिवशी जगाला उमगेल, त्या दिवशी बेकारी आणि लढाया दोन्ही बंद पडतील!”

हे उद्गार मानसिंगअण्णांनी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, स्वतःच्या शेडच्या दारात, स्टुलावर उभं राहून काढले. अण्णा एरवी पाटणकडचं बोलत. भाषणापुरते शुद्ध होत. प्रसंग कारखान्याच्या नव्या वेबसाईटच्या उद्घाटनाचा होता. समोर पाच कामगार, दोन पाहुणे आणि हळदीकुंकू लावलेला एक लॅपटॉप. टाळ्या पडायच्या बेतात होत्या तेवढ्यात रस्त्यावरचा एक मोटरसायकलवाला आत वळला. सगळ्यांनी श्वास रोखला. त्यानं गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढलं, शेडमधल्या यंत्रांवरून नजर फिरवली आणि विचारलं,

“हितं मुतारी कुठं हाय?”

त्या आठवड्यात शेडमध्ये आलेलं हे एकमेव गिऱ्हाईक. ते मागच्या बाजूला जाऊन आलं आणि निघून गेलं.

अण्णांचा कारखाना कडबाकुट्टी यंत्रांचा. वरून कडबा, ऊस, मका घातला की खालून जनावराला खाता येईल असा बारीक चुरा पडतो. तीस वर्षांत सातारा-सांगलीच्या निम्म्या गोठ्यांत अण्णांचं यंत्र गेलं होतं. उरलेल्या निम्म्यांत जाणार एवढ्यात फोन शहाणे झाले. फोनवर बोट टेकवलं की तिसऱ्या दिवशी परराज्यातलं स्वस्त यंत्र दारात यायला लागलं. अण्णांची विक्री महिन्याला तीसवरून चारवर आली.

त्यांचा एकुलता मुलगा धैर्यशील, वय एकतीस, मेकॅनिकलचा इंजिनियर, अविवाहित. अण्णांचे गुडघे गेले होते, त्यामुळे शेड आता त्याच्याच जिवावर चालायची. त्याला चाकणच्या एका कंपनीनं नोकरी देऊ केली होती. त्यानं बापाला सरळ सांगितलं.

“अण्णा, दसऱ्यापर्यंत वेबसाईटवरनं चाळीस मशीनं गेली तर मी इथं. न्हाई गेली, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चाकण.”

“आन् शेड?”

“शेडला कुलूप.”

त्या दिवशी अण्णांनी चहात साखर दोनदा घातली आणि प्यायला विसरले.

तशी कारखान्याला आधीपासून वेबसाईट होती. ती आठ वर्षांपूर्वी तानाजी फ्लेक्सवाल्यानं बनवली होती. तानाजीनं आयुष्यात वाढदिवसाचे फ्लेक्स सोडून दुसरं काही केलं नव्हतं, त्यामुळे ती वेबसाईट उघडली की कुणाचा तरी वाढदिवस आहे असं वाटायचं. वरच्या बाजूला ढगांतून आशीर्वाद देणारे चार थोर पुरुष, मध्ये गॉगल घातलेले अण्णा, आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून तेवीस पासपोर्ट फोटो. भावकी, मेहुणे, सोसायटीचे संचालक, कुणाकुणाला वगळायचं?

ही वेबसाईट दुरुस्त करायला धैर्यशीलनं सांगलीच्या विश्रामबागेतली प्रांजल नावाची मुलगी आणली. ती छोट्या धंद्यांच्या वेबसाईटी सुधारून द्यायची. तिनं पाच मिनिटं पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली,

“काका, आधी ही माणसं काढायला लागतील.”

“जित्ती माणसं हायती ती!”

“असू देत. गिऱ्हाईक मशीन बघायला येतं. यात मशीन कुठाय?”

अण्णांनी चष्मा लावून शोधलं. यंत्र होतं. पंचायत समितीच्या एका माजी सदस्यांच्या कोपराखालून त्याचं चाक डोकावत होतं.

माणसं निघाली. त्या रात्री अण्णांच्या गावाकडं, पाटणला, जो हाहाकार उडाला, तसा तिथं भूकंपानंतरही उडाला नव्हता. अण्णांच्या चुलतभावानं फोन करून रडवेल्या आवाजात विचारलं, “मानसिंग, माझं काय चुकलं ते तरी सांग.” धाकटे मेहुणे दोन दिवस जेवले नाहीत. ज्यांनी ती वेबसाईट आठ वर्षांत एकदाही उघडली नव्हती, त्यांना तिच्यातून आपण गेल्याचं एका रात्रीत कसं कळलं, हे कोडं प्रांजलला शेवटपर्यंत सुटलं नाही.

खरा वाद झाला फॉर्मवरून.

“ज्याला मशीन हवंय त्यानं फक्त नाव आणि फोन नंबर भरायचा,” प्रांजल म्हणाली. “दोन रकाने. बास.”

अण्णा चाट पडले. “आन् गाव?”

“गाव फोनवर विचारू.”

“पाव्हणं कोण, मामा कुठलं, जनावरं किती, पाणी हिरीचं का कॅनॉलचं, ह्ये काय न इचारता मशीन द्यायचं? माज्या दारात मानूस आला तर आधी मी ‘कुणाचं तुमी’ म्हणतो, मग बस म्हणतो.”

“काका, प्रत्येक वाढीव प्रश्नाला दहातलं एक गिऱ्हाईक पळतं.”

“पळणारं गिऱ्हाईक आपल्याला नगंच हाय.”

मग अण्णांनी एकेक रकाना सांगितला आणि प्रांजलनं दात आवळून एकेक टाकला. नाव, गाव, आजोळ, पाव्हणे, शिक्षण, जमीन, पाणी, जनावरं, गोठ्याचा फोटो. विसाव्या रकान्याला ती थांबली.

“‘घरात लग्नाची मुलं-मुली किती, वय, शिक्षण’? हे कशाला?”

“त्योच तर मेन हाय,” अण्णा म्हणाले. “पोरी, तीस वर्सं मशीन इकतोय मी. ज्या घरात सून यायची असती, त्याच घरात मशीन जातंय. आजकालची पोरगी इळा घेऊन कडबा तोडंल व्हय? सोयरीक जुळायच्या आधी मशीन येतंय. लगीनघर धरायचं, मशीन खपतंय.”

यात तथ्य होतं. प्रांजलला ते लगेच पटलं, म्हणून ती जास्तच चिडली.

शेवटचा, सव्विसावा रकाना होता ‘अपेक्षा’. यंत्राकडून काय अपेक्षा आहेत, ते लिहायचं. तिथं अण्णांचं समाधान झालं. पहिल्या पानावर शेडच्या दारात यंत्रावर हात ठेवून हसणारा धैर्यशील आला, त्याच्याखाली ‘आजच नोंदणी करा’ असं हिरवं बटण आलं, आणि श्रावणात, वर सांगितल्याप्रमाणे, स्टूल आणि मुतारीसह उद्घाटन झालं.

आठ दिवसांनी प्रांजल शेडमध्ये आली ती लॅपटॉप छातीशी धरून, अपघात बघितल्यासारखी.

“काका, बसा.”

“का गं? बंद पडली?”

“शंभर लोक वेबसाईटवर आले तर साधारण दोघं फॉर्म भरतात. तिघांनी भरला तर आम्ही पार्टी करतो.” तिनं पाणी मागितलं. “तुमच्याकडं दोनशे बारा आले आणि एकशे एकाहत्तर जणांनी भरला. सव्वीसच्या सव्वीस रकाने. पुण्यात माझे सर आहेत, त्यांना आकडा सांगितला तर ते म्हणाले, तू नीट झोपत जा.”

धैर्यशीलच्या हातातला पाना खाली पडला. अण्णा मात्र सुपारी कातरत म्हणाले, “मी म्हणलो न्हवतो?”

दुसऱ्या आठवड्यात फॉर्म अकराशे झाले. धैर्यशीलनं मनातल्या मनात चाकणवर फुली मारली, लोखंडाची चौकशी केली, आणि मग तिघांनी बसून फॉर्म वाचायला घेतले.

पहिला फॉर्म आटपाडी भागातल्या सूरज नावाच्या तरुणाचा होता. शिक्षण बी.ए., बागायत तीन एकर, म्हशी चार. उंची पाच फूट आठ इंच.

“उंची आपण विचारली होती?” प्रांजलनं विचारलं.

“न्हाई.”

“मग?”

“मोकळा मानूस दिसतोय.”

गोठ्याचा फोटो उघडला. गोठ्यात एक मुऱ्हा म्हैस होती आणि तिच्या शेजारी शेरवानी घातलेला, मोजडी शेणात रुतलेला सूरज.

“म्हस झाक हाय,” अण्णा म्हणाले.

“काका, मुलगा बघा ना.”

“पोरगं बी बरं हाय. पर म्हस झाक हाय.”

प्रांजलनं शेवटचा रकाना वाचला. वाचताना तिचा आवाज कमी कमी होत गेला. “यंत्राकडून अपेक्षा. सुस्वभावी, किमान बारावी, घरात मिसळून राहणारी. सासूसासऱ्यांना सांभाळून घ्यावं.”

कोपऱ्यात वेल्डिंग करणाऱ्यानंसुद्धा ठिणगी थांबवली.

दुसरा फॉर्म उघडला. तिसरा. चाळिसावा. गोठे वेगवेगळे, शेरवान्या बहुधा एकाच दुकानातल्या. मुलींच्या बापांचेही फॉर्म होते. त्यांत गोठ्याऐवजी पदवीदान समारंभाचे फोटो होते. अकराशेंत यंत्राबद्दल लिहिणारा एकच निघाला. त्यानं लिहिलं होतं, ‘दोन एचपी. आवाज कमी.’ तीही अपेक्षा सुनेबद्दलच असावी असं धैर्यशीलचं मत पडलं.

“आपण वधूवर सूचक मंडळ काढलंय,” प्रांजल म्हणाली आणि लॅपटॉप मिटवला. “हे मी कुणाला सांगू शकत नाही. माझा धंदा बसेल. फॉर्म बंद करते.”

“का म्हणून?” अण्णा उठून उभे राहिले. गुडघे दुखत असताना ते सहसा उठत नसत. “मानसानं मामाचं गाव सांगितलं म्हंजे निम्मं घर उघडून दावलं. त्येला जाब न देता दार लावायचं? ही काय रीत झाली?”

आणि अण्णांनी फोन हातात घेतला.

ते रोज पंचवीस फोन करत. पहिल्या मिनिटात ओळख काढत. दुसऱ्या मिनिटाला पलीकडचा बाप मुलाच्या लग्नाचं रडगाणं सुरू करी. नोकरी नाही, शेतीवाल्याला मुलगी द्यायला कुणी तयार नाही, वय चाललंय. अण्णा ऐकून घेत आणि मग हळूच विचारत, “वैरण कोन तोडतंय घरात?” पलीकडून उत्तर येई, “आई.” “हितंच चुकतंय तुमचं.”

एवढ्यावरही यंत्र खपत नव्हतं. ते खपायला लागलं शालूबाईंमुळे. शालूबाई म्हणजे अण्णांची बायको. पंधरवडाभर त्यांनी स्वयंपाकघरातून सगळे फोन ऐकले होते.

“आवं, ती यादी हिकडं आना,” एका दुपारी त्या म्हणाल्या. “निस्तं ऐकून काय घेताय? ह्या विट्याच्या पोरीला त्यो तासगावचा पोरगा जातोय की.”

शालूबाईंनी शंभर पानी वही घातली. डाव्या पानावर मुली, उजव्या पानावर मुलं. त्यांची अट एकच. मुलीच्या बापाला त्या स्वतः फोन करून सांगत, “पोरगा मागनं बघा. आधी गोठ्यात मशीन हाय का बघा. नसंल तर पोरीच्या कमरंचा भुगा हुतोय. मी तीस वर्सं मशीनवाल्याच्या घरात हाय, म्हणून तुमच्याशी उभी ऱ्हाऊन बोलतीया.”

भादवा सरेपर्यंत अकरा सोयरिकी जमल्या आणि अकरा यंत्रं गेली. एका नवऱ्या मुलानं यंत्राला मुंडावळ्या बांधून फोटो पाठवला. प्रांजलनं तो वेबसाईटवर टाकला आणि त्या दिवशी आणखी नऊशे फॉर्म आले.

पण अकरा म्हणजे चाळीस नव्हेत. आणि गंमत अशी, की ज्याच्या हातची यंत्रं बघून अकरा मुलींनी होकार दिला, त्या धैर्यशीलचं नाव शालूबाईंच्या उजव्या पानावर पहिल्या ओळीत होतं आणि तिथंच होतं. मुलींचे बाप विचारत, “नोकरीला कुठं?” शालूबाई सांगत, “सोताचा कारखाना हाय.” पलीकडून उत्तर येई, “व्हय, व्हय. पर नोकरीला कुठं?”

चाकणला गेला असता तर महिन्यात जमलं असतं. हे घरात सगळ्यांना कळत होतं. धैर्यशीलनं बॅग भरायला काढली.

दसरा चार दिवसांवर आला तेव्हा तो फॉर्म आला. नाव नाथाजी, गाव जत भागातलं. जनावरं चौदा. गावच्या दूध संस्थेचे चेअरमन, सभासद बेचाळीस. लग्नाची मुलगी एक, एम.एस्सी. ॲग्री. अपेक्षांचा रकाना कोरा. अण्णांनी फोन लावला.

“समक्ष बोलू,” पलीकडचा जाड आवाज म्हणाला. “खंडेनवमीला येतो. मशीन कोन करतंय, त्यो मानूस जाग्यावर पायजे.”

अण्णांनी फोन ठेवला आणि बोटांवर हिशेब केला. “बेचाळीस सभासद,” ते म्हणाले. “बेचाळीस आन् अकरा, त्रेपन्न.”

“आन् एम्मेस्सी पोरगी,” शालूबाई म्हणाल्या. “आवं, पोरीच्या बापानं पोराला ‘जाग्यावर पायजे’ म्हणलं म्हंजे काय, कळतंय न्हवं?”

संध्याकाळी धैर्यशील केस कापून आला.

खंडेनवमीला कारखान्यातली यंत्रं बंद ठेवतात, धुऊन पुसून त्यांची पूजा करतात. ग्राइंडरपासून स्क्रूड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा होत्या. शालूबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. दोन डब्यांत पोहे होते, एकात काजू घातलेले, ते नाथाजींसाठी. प्रांजलही आली होती. धंद्यात असा प्रकार पुन्हा बघायला मिळणार नाही, म्हणून.

जीप आली. नाथाजी उतरले. सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, अंगानं उसाच्या कांडीसारखे. बरोबर दोन माणसं. अण्णा ‘या, या’ म्हणत गुडघे विसरून दोन पायऱ्या उतरले. ओळख निघाली, तिसऱ्याच प्रश्नाला निघाली. नाथाजींनी काजूचे पोहे खाल्ले, चहा घेतला आणि धैर्यशीलला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. शालूबाईंनी पदर सावरला.

“मशीन तुमी सोता करता?”

“व्हय.”

“पात्याचं बी कळतंय?”

“पात्याचं, रोलरचं, समदंच.”

“सांगा बगू.”

धैर्यशीलनं सांगायला घेतलं. आधी अडखळत, मग अडखळायचं विसरून. पात्याचा कोन इतकाच का, मक्याला वेगळा आणि उसाला वेगळा का. मग त्यानं स्वतः केलेला नवा दांडा दाखवला. वैरण घालताना माणसाचा हात आत ओढला गेला, तर गुडघ्यानं हा दाबायचा, रोलर जागेवर उलटा फिरतो, हात बाहेर येतो.

नाथाजी पहिल्यांदा पुढे झुकले. “आमच्या गावात दोघांची बोटं गेल्यात.”

“म्हणूनच केलाय,” धैर्यशील म्हणाला. “बाहेरच्या मशीनला असला दांडा न्हाई. अजून नीट बसत न्हाई, स्प्रिंग बदलायला पायजे. पुढच्या मशीनला बदलणार हाय मी.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. चाकण. परवा सकाळी किती वाजता हजर होणार, हे विचारायला. फोन यंत्राच्या कडेवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाजत होता. धैर्यशीलनं नाव वाचलं, फोन बंद केला, पालथा घातला आणि म्हणाला, “तर स्प्रिंग. स्प्रिंग कशी पायजे, बघा...”

अण्णांनी आ वासला. प्रांजल शालूबाईंकडे बघत राहिली आणि शालूबाई फोनकडे. अकराच यंत्रं गेली म्हणून जो माणूस चाकणला जाणार होता, तो पुढच्या यंत्राच्या स्प्रिंगबद्दल बोलत होता, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता. अण्णांनी डोळे पुसायला रुमाल काढला, पण कामगारांनी बघू नये म्हणून त्या रुमालानं ग्राइंडर पुसला.

स्प्रिंग संपली. नाथाजींनी मिशीवरून हात फिरवला.

“झाक,” ते म्हणाले. “मानूस पारखून घेतला. जिवाला बरं वाटलं.” आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, “जा रं, गाडीतनं त्ये आन.”

शालूबाईंनी कुंकवाचा करंडा जवळ ओढला. अण्णा दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. प्रांजलनं फोटोसाठी मोबाईल धरला.

माणूस गोणपाटाची गुंडाळी घेऊन आला. नाथाजींनी ती यंत्राच्या पायाशी ठेवून उलगडली. आत गंजलेली दोन पाती होती. अण्णांच्या कारखान्याची नव्हेत. दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीची.

“सभासदांकडं हायती मशीनं, समद्यांकडं हायती,” नाथाजी म्हणाले. “पोरीचं बी मार्गशीर्षात ठरलंय. तुमच्या फारमात इचारलं हुतं म्हणून खरं त्ये लिवलं. मामाचं गाव लिवलं, हिरीचं पानी लिवलं, पंचवीस खानं दोन दिस बसून भरलं. म्हणलं, एवढं इचारून घेत्यात म्हंजे काम चोख असणार. कुनाच्या बी हातात देऊ नगं असं म्हातारी म्हणली, म्हणून मानूस बगून घेतला.” त्यांनी पाती धैर्यशीलपुढे सरकवली. “तेवढी धार लावून मिळंल काय? आज नवमी हाय, आज नगं. उद्या सवडीनं लावली तरी चालंल.”